हा हिशेब आम्हांस मान्य नाही

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून हिंगणघाट येथील आमच्या एका आप्ताच्या घरी आम्ही दहा-बारा मंडळी चहापानास जमलो होतो. बाहेर पाऊस रिपरिपत होता. वणा नदीला पूर येणार की नाही, कापसाला यंदा भाव काय मिळेल, असे नेहमीचे विषय चालले होते. तेवढ्यात सुट्टीवर आलेल्या एका तरुणाने, जो पुण्यास अर्थशास्त्राचा अभ्यास करतो, सहज म्हणून एक गोष्ट सांगितली. "काका, मानसिक आजाराला विम्याचे संरक्षण दिले की आत्महत्या घटतात, आत्महत्या घटल्या की अवयवदाते घटतात. अमेरिकेत हे आकड्यांनी दाखवून दिले आहे. म्हणजे एकाला वाचवावे तर दुसरा मरतो!"

त्याच खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, आमचे चुलतबंधू बसले होते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे आणि मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत नाव असलेले. सर्वांच्या नजरा नकळत त्यांच्याकडे वळल्या. त्या अवघड शांततेत एक व्यवहारी गृहस्थ बोलून गेले, "मग असला विमा सरकारने काढावाच कशाला?"

त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. ते मौन आम्हांला आजतागायत बोचते आहे. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम त्या तरुणाच्या विधानास न्याय देऊ. त्याने सांगितलेली गोष्ट काल्पनिक नाही. मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे, असे कायदे १९९० च्या दशकापासून अमेरिकेतील अनेक राज्यांनी केले. पुढे मॅथ्यू लँग या अर्थशास्त्रज्ञांनी त्या कायद्यांचा परिणाम तपासला. जेथे खरी बरोबरी दिली गेली तेथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी घटलेले आढळले. त्यानंतर २०१५ साली होजे फर्नांडिस आणि लँग यांनी पुढचा प्रश्न विचारला : आत्महत्येने मेंदू मृत झालेल्या व्यक्तींचे अवयव काही वेळा दान होतात; मग त्या दानाचे काय झाले? उत्तर मिळाले की, मरणोत्तर दात्यांच्या एकूण संख्येत सुमारे अर्ध्या टक्क्याची घट झाली. या विद्वानांनी कायदा रद्द करा असे कोठेही म्हटले नाही. एका धोरणाचा दुसऱ्या क्षेत्रावर नकळत काय परिणाम होतो, एवढेच त्यांनी मोजले. आमचा वाद त्यांच्याशी नाही. त्यांच्या आकड्यांवर स्वार होऊन आमच्या चहाच्या टेबलापर्यंत आलेल्या त्या "कशाला" या शब्दाशी आहे.

हिशेबच करावयाचा तर तो पुरता करावा. त्या काळात अमेरिकेत वर्षाकाठी सुमारे तीस हजार आत्महत्या होत आणि मरणोत्तर दाते पाच ते सात हजारांच्या दरम्यान असत. कायदा सर्वत्र लागू झाला असे धरून ढोबळ गणित मांडले, तर पाच टक्के म्हणजे दीड हजार माणसे वाचली. अर्धा टक्का म्हणजे तीसेक दाते कमी झाले. एका दात्याकडून सरासरी तीन अवयव मिळतात असे मानले, तरी नव्वद-शंभर अवयव. एका पारड्यात दीड हजार जिवंत माणसे आणि दुसऱ्यात शंभर अवयव! ज्यांना तागडीची भाषा तेवढीच समजते, त्यांनाही येथे फार वेळ तोलत बसण्याचे कारण नाही.

परंतु आम्ही येथे थांबू इच्छित नाही. कारण येथे थांबलो तर तागडी योग्यच होती, केवळ वजने चुकली होती, असा अर्थ निघेल. उद्या एखाद्याने उलट आकडे आणून दाखविले तर आपण काय म्हणणार आहोत?

असे आकडे येतातही. अमेरिकेतील ज्या राज्यांनी मोटारसायकलस्वारांवरील शिरस्त्राणाची सक्ती उठविली, तेथे वाहन अपघातांतून होणारे अवयवदान सुमारे दहा टक्क्यांनी वाढले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्याच देशात मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने मेलेल्यांचे मरणोत्तर दात्यांतील प्रमाण २००० साली सुमारे एक टक्का होते. २०१७ साली ते तेरा टक्क्यांच्या वर गेले. आता यावरून कोणी शिरस्त्राणे फेकून द्या असे म्हणेल काय? व्यसनमुक्तीची केंद्रे बंद करा असे म्हणेल काय? कोणीही म्हणणार नाही. मग मानसिक आजाराच्या बाबतीतच ते इतक्या सहजपणे ओठांवर कसे आले? आमच्या मते कारण एकच. डोके फुटलेला मोटारसायकलस्वार आम्हांला आपला वाटतो. खिन्नतेने ग्रासलेला माणूस मात्र आम्ही मनातल्या मनात आधीच परका करून टाकलेला असतो. तो जगला काय, न जगला काय! आकड्यांनी दोष केलेला नाही. त्यांनी आमच्या मनातील ही जुनी गाठ तेवढी उघडी पाडली.

दान आणि पुरवठा या दोन शब्दांतील भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. जो मरण पावला, त्याच्या आप्तांनी शोकाच्या घडीला मन मोठे करून दिले, ते दान. परंतु तो मरावा, किंवा निदान त्याला वाचविण्याची घाई करू नये, अशी अपेक्षा ज्यात लपलेली आहे, त्याला दान म्हणता येत नाही. न मेलेल्या माणसाचे मूत्रपिंड ही कोणाची बुडालेली रक्कम नव्हे. ते त्याचेच होते, आणि देवदयेने अजून त्याच्याच देहात काम करीत आहे.

आता आपल्या मातीकडे येऊ. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जाई. त्याच कापसाने पुढे या मुलुखात किती घरे बसविली, हे येथील वाचकांस आम्ही सांगावयास नको. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या आकड्यांत शेतकरी आहेत, तसेच गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत, रोजंदारीवर राबणारे आहेत.

या मृत्यूंतून अवयवदानास काही मिळते काय? जवळजवळ काहीच नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे मरणोत्तर दान आपल्याकडे प्रायः एकाच परिस्थितीत होते. रुग्ण अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असावा लागतो. त्याचा मस्तिष्कस्तंभ मृत झाला आहे हे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून प्रमाणित करावे लागते, आणि तोवर हृदय धडधडत राहावे लागते. जो आपल्या शेतात किंवा घराच्या आढ्याखाली प्राण सोडतो, तो या दारापर्यंत पोहोचतच नाही. विषाने जातो त्याची इंद्रिये बहुधा विषानेच निकामी केलेली असतात. त्यातून एखादा पोहोचलाच, तर प्रकरण पोलिसांचे असते. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने अवयवदानास गती यावी म्हणून सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास मुभा दिली. परंतु कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न असल्याखेरीज आत्महत्येची प्रकरणे त्या मुभेतून वगळली. तात्पर्य, अमेरिकेत अर्धा टक्का का होईना, हिशेबाची एक ओळ तरी होती. आमच्या वहीत ती ओळही नाही. तरीही परदेशातील एक वाक्य उचलून आम्ही आमच्याच रुग्णांच्या औषधावर हरकत घेतो, याला काय म्हणावे?

आणि ते औषध तरी त्यांना मिळाले आहे काय? या प्रश्नाकडे त्या बैठकीतील कोणाचेच लक्ष गेले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याचे कलम २१ स्पष्ट सांगते की, शारीरिक आजारासाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा दिला जातो, त्याच आधारावर तो मानसिक आजारासाठी दिला पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळविले. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे चार वर्षांनंतर, त्याच प्राधिकरणाला महिनाअखेरपर्यंत पालन करा असे पुन्हा बजावावे लागले. यातच सर्व आले.

बरे, कागदावर संरक्षण आले तरी त्याचा आकार पाहा. आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतो. हाड मोडले, अपेंडिक्स काढले, तर तो उपयोगी पडतो. पण मनाचा आजार असा एका रात्रीत खाटेवर येत नाही. त्याला महिन्यामागून महिने गोळ्या लागतात, डॉक्टरांशी निवांत बोलणे लागते, गावाहून नागपूरला किंवा वर्ध्याला जाण्याचे एस. टी. चे भाडे लागते आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी सोसावी लागते. यांपैकी बहुतेक खर्च विम्याच्या बाहेर राहतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने मुलाचा आजार विम्याच्या अर्जात लिहिलाच नाही. लिहिला तर विमा नाकारतील, या भयाने. पुढे त्याला दाखल करावे लागले, तेव्हा आजार लपविला म्हणून दावा फेटाळला गेला. लिहावे तरी मरण, न लिहावे तरी मरण! या धोरणाचा अनपेक्षित परिणाम शोधावयाचा असेल तर तो येथे शोधावा. बरोबरीचे वचन देणाऱ्या कायद्यानंतरही आजारी माणूस आपला आजार लपवितो, हा तो परिणाम होय. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) निरनिराळ्या मानसिक आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. ज्यांना घोटभर पाणी मिळालेले नाही, त्यांच्यामुळे विहीर आटली असे म्हणणे हा अन्याय आहे.

आता आमच्या चुलतबंधूंचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. अवयव यावेत तरी कोठून?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. २०२३ साली देशभरात मरणोत्तर अवयवदाते झाले सुमारे अकराशे. म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा नाही. मरणाचा तुटवडा या देशात कधीच नव्हता. तुटवडा आहे तो अतिदक्षता विभागांचा, मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू वेळेवर ओळखून तो जाहीर करणाऱ्या डॉक्टरांचा, आणि शोकाकुल आप्तांजवळ बसून हळुवारपणे विचारणाऱ्या समन्वयकांचा. मानवी अवयव प्रतिरोपण कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीने अशा प्रसंगी आप्तांना दानाविषयी विचारणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरविले. ते कर्तव्य किती ठिकाणी पार पडते? नागपूर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे मोठी शिक्षण रुग्णालये आहेत. नागपूर-हैदराबाद महामार्ग आपल्या दारावरून जातो आणि त्यावरील अपघात आपण नित्य पाहतो. डोक्याला मार लागलेला तरुण योग्य जागी योग्य वेळेत पोहोचला, तर प्रथम तो वाचण्याचा संभव वाढतो, आणि नाहीच वाचला तर त्याच्या घरच्यांना दान करण्याची संधी मिळते. जीव वाचविण्याची आणि दान घडविण्याची वाट अशी एकच आहे. या दोहोंत वैर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही वाट पायाखालून घातलेली नाही.

याचे उत्तम प्रमाण स्पेन देशाने दिले आहे. तेथे १९८९ साली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातीलच एका डॉक्टरावर ही जबाबदारी सोपविण्यात आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील दात्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रस्ते अपघातांत गेलेले असत. पुढे रस्ते सुरक्षित झाले, अपघाती मृत्यू घटले आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. मग दान घटले काय? उलट, आज स्पेन या बाबतीत जगात अग्रभागी आहे. २०२३ साली दहा लाखांमागे तेथे अठ्ठेचाळीसहून अधिक दाते होते. तरुणांचे अकाली मृत्यू कमी झाले आणि दान वाढले. बहुतेक दाते आता मेंदूतील रक्तस्रावाने वा तत्सम आजाराने गेलेले, पुष्कळदा वयस्क लोक असतात. "एकाला वाचवावे तर दुसरा मरतो" या वाक्याला याहून चोख उत्तर कोणते हवे?

दुसऱ्यांना बोल लावून झाले. आता आपल्या घराकडे वळू. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्तसभेचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेने तो उल्लेख काढून टाकला. गंभीर मानसिक व्याधी, यातना वा भीती यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते आणि तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये, अशी शिकवण ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात आहे. देशाचा कायदाही उशिरा का होईना तेथे आला. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिले नाही. ख्रिस्तसभा बदलली, कायदा बदलला. आम्ही बदललो काय? अजूनही अशा घरी आपण दबक्या आवाजात जातो. "हार्टॲटॅक आला" असे सांगितले जाते आणि आपणही मान डोलवितो. खिन्न मुलीला "प्रार्थना कर, बरे वाटेल" एवढेच सांगून परत पाठवितो. प्रार्थना जरूर करावी. पण मोडलेल्या पायावर आपण केवळ प्रार्थना करून थांबत नाही.

अवयवदानाविषयीही आपल्या मनात भीती आहे. देहाची चिरफाड झाली तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय, असे आमच्या एका वृद्ध आत्याबाईंनी विचारले होते. ज्याने मातीतून देह घडविला त्याला एका मूत्रपिंडाची उणीव भासणार नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९५ च्या आपल्या परिपत्रकात योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील शौर्यात केली आहे. केरळचे फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ साली आणि पाला धर्मप्रांताचे साहाय्यक महागुरू जेकब मुरिकन यांनी २०१६ साली स्वतःचे एक मूत्रपिंड जिवंतपणी दान केले. दोघांचेही मूत्रपिंड हिंदू बांधवांच्या देहात गेले. शोमरोनी माणसाची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. या दोघांनी ती आपल्या देहाने सांगितली.

म्हणून आमच्या मागण्या दोन दिशांना जातात आणि तरीही त्या एकच आहेत. विम्याच्या बरोबरीचा अर्थ केवळ रुग्णालयातील खाट एवढाच न राहता बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि समुपदेशन यांपर्यंत गेला पाहिजे. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणास जागा मिळाली, हे उत्तम झाले. गोरगरिबांच्या मनाच्या दीर्घ आजारालाही शासकीय योजनांत तेवढीच ठसठशीत जागा मिळावी. तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ ठरल्या दिवशी खरोखर भेटावा. जिल्ह्यातील अतिदक्षता विभागांनी मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूची प्रत्येक घटना नोंदवावी आणि आप्तांना विचारल्याशिवाय राहू नये. आणि आपल्या प्रत्येक धर्मग्रामात वर्षातून एक रविवार असा असावा की, ज्या दिवशी अवयवदानाच्या प्रतिज्ञापत्रांबरोबर टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरोघर जाईल. तो क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

त्या रविवारी सर्व उठू लागले तेव्हा आमचे चुलतबंधू प्रथमच बोलले. आपल्या वऱ्हाडी बोलीत त्या तरुणाला म्हणाले, "बाबू, मले किडनी पाह्यजे, हे खरं हाय. पण कोनाचं पोरगं फासावर जाईन अन् मंग मले भेटन, अशी वाट म्या एक दिवस बी नाही पाह्यली. तू मले त्याच्या हिशेबात नोको धरू."

तो तरुण खाली मान घालून उभा राहिला. मग त्याने त्यांचा हात धरून त्यांना पायरीवरून उतरविले आणि पावसात छत्री धरून रिक्षापर्यंत पोहोचविले. पुढल्या मंगळवारी डायलिसिसला त्यांच्यासोबत तोच गेला होता, असे आम्हांस नंतर कळले.